पिल्लांचं समान वाटप

मूल होत नसेल तर त्याचं कारण शोधावं लागतं, आणि कारण शोधायचंच झालं तर ते हाताशी असेल तिथे शोधणं सोयीचं पडतं. आई ही नेहमी हाताशी असते. या साध्या पण भक्कम पायावर जगातल्या कितीतरी संस्था उभ्या आहेत. त्यांतली एक उंदरांची आहे.

या संस्थेच्या तळमजल्यावर पशुगृह आहे. तिथे प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र पिंजरा मिळतो. (माणसांच्या मानाने उंदरांचं घराचं काम लवकर होतं.) पिंजऱ्यावर एक कार्ड असतं. त्यावर मादीचा क्रमांक, मादीचं वय, मादीचं वजन आणि शेवटी शेरा. नराची नोंद ठेवायची पद्धत नाही, कारण नर आत बसलेला दिसतोच. मादीला पिल्लं झाली नाहीत तर तिला आणखी एक संधी देतात. संस्था निर्दय नाही. दुसऱ्या खेपेलाही झाली नाहीत तर कार्डावर 'निवृत्त' असा शेरा पडतो आणि नराला नवी मादी मिळते. संस्था स्थापन झाल्यापासून निवृत्त झालेल्या माद्या: चारशे अकरा. निवृत्त झालेले नर: एक. (तोही जाळीच्या फटीतून पळाला. ही निवृत्ती धरायची की बिनपगारी रजा, हा प्रश्न विचाराधीन आहे.) निवृत्त माद्या पुढे कुठे जातात हे मात्र विचारू नये. संस्थेला हळव्या माणसांचं वावडं आहे.

अशा ठिकाणी नराकडे बोट दाखवणारा विषय पीएच.डी.ला मंजूर झाला, तो निव्वळ लांबीमुळे. विषयाचं नाव इतकं लांबलचक होतं की मंजुरी समितीतलं कुणीच त्याच्या शेवटापर्यंत पोचलं नाही. 'उंदीर' आणि 'प्रजनन' एवढं ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला.

हा विषय जिचा होता तिला घरात धाकटी म्हणत, कारण ती धाकट्या मुलाची बायको. संस्थेत तिला मॅडम म्हणत. तिची चार वर्षांची लेक मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझी आई उंदरांची बाई आहे." आजवर झालेल्या सगळ्या ओळखींत हीच सर्वांत अचूक होती.

धाकटीचा विषय थोडक्यात सांगायचा तर असा. वाय नावाचं एक गुणसूत्र असतं. ते बापाकडून फक्त मुलग्यांना मिळतं. वारशाने येणारी ही एकमेव गोष्ट, जिच्यावरून भावाभावांत कधी भांडण झालेलं नाही. आकाराने ते एवढंसं असतं, पण पुरुषपणाचा सगळा कारभार त्याच्या नावावर चालतो. (कुठल्या घराशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) धाकटीकडे काळ्या उंदरांचं एक कूळ होतं. त्यातल्या नरांच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा कैक पिढ्यांपूर्वीच गळून पडला होता.

बाहेरून हे कुणालाही कळलं नसतं. नर मोठे रुबाबदार होते. मिशा ताठ, अंगावर तकाकी, मादीशी वागणं यथासांग. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यांच्या शुक्रजंतूंची डोकी वेडीवाकडी दिसत आणि पोहायला सोडले की ते पुढे न जाता जागच्या जागी वळवळत. या नरांना पिल्लं होत नसत. झालीच तर एखाददुसरं, आणि त्यातही लेकीच जास्त. माद्या बदलल्या तरी तेच. उलट 'निवृत्त' ठरलेली मादी धाकटीने गुपचूप धडधाकट नराच्या शेजारी नेऊन ठेवली, तर तिला आठ पिल्लं झाली. आठही पिल्लं छातीशी घेऊन ती मादी अशी पसरून निजली होती, की धाकटीने तिचं कार्ड हळूच उलटं करून ठेवलं.

आता घराकडे वळू.

घरात धाकटीची थोरली जाऊ होती. थोरलीला मूल नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली पाच शहरातल्या एकुलत्या एका वंध्यत्व केंद्रात गेली होती. या केंद्रात थोरलीला आतून, बाहेरून, दुर्बिणीतून आणि अंधाऱ्या खोलीत फोटो काढून तपासलं होतं. दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. दोन्ही वेळा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, "आत सगळं छान आहे," आणि हे ज्या आवाजात म्हणाले त्यावरून हाही थोरलीचाच आगाऊपणा असावा असं वाटत होतं. तिसरी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली होती. ती का, तर पहिल्या दोन्हींत काही सापडलं नाही म्हणून.

तिचे यजमान, म्हणजे धाकटीचे थोरले दीर, स्वभावाने सज्जन. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. ते विमा कंपनीसाठी गाड्यांच्या अपघातांची पाहणी करत. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या की चूक कुणाची हे ठरवायला दादा जात, दोन्ही गाड्यांखाली सतरंजी टाकून झोपत आणि ब्रेकपासून टायरच्या नक्षीपर्यंत सगळं स्वतः बघत. त्यांचा अहवाल कोर्टातही कधी उलटला नव्हता. दादांची तपासणी मात्र झालेली नव्हती. गरजच पडली नव्हती. त्यांची तब्येत उत्तम होती, रोज सकाळी ते पळायला जात, आणि केंद्रात त्यांच्यासाठी खुर्ची असे.

थोरली तशी हसरी. इंजेक्शनाने निळे पडलेले दंड ती पुतणीला दाखवायची आणि म्हणायची, "बघ, काकूच्या हातावर ढग आलेत." पुतणी त्या ढगांवर फुंकर मारायची. धाकटी तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असायची. ते बहुधा तिला सापडत नसे.

प्रयोग संपत आला असताना लेकीला कांजिण्या झाल्या आणि धाकटीला दहा दिवस घरी राहावं लागलं. त्या दहा दिवसांत पशुगृहात एक सुधारणा झाली. सुधारणा बहुधा अशाच वेळी होतात.

पशुगृहाचे अधीक्षक म्हणजे पिंजरेकाका. सगळी हयात उंदरांत गेलेला, विरघळून जाणाऱ्या मनाचा माणूस. त्याच सुमारास वरून आदेश आला होता: चांगल्या पशुगृहांची क्रमवारी लागणार असून प्रत्येक पिंजऱ्यातल्या पिल्लांची संख्या सारखी असल्यास जादा गुण मिळतील. काकांनी आदेश वाचला आणि रांगेतून एक चक्कर मारली. इकडे धडधाकट नरांबरोबरच्या पांढऱ्या माद्यांना बारा-बारा पिल्लं, दुधाला मारामारी. तिकडे धाकटीच्या काळ्या माद्यांची घरटी रिकामी. आदेश आणि अंतःकरण एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असल्याचा प्रसंग नोकरीत क्वचित येतो. काकांनी तो वाया जाऊ दिला नाही. पांढऱ्यांकडची जास्तीची पिल्लं उचलली, काळ्या मादीच्या घरट्यातल्या कापसावर अलगद घोळवली, म्हणजे अंगाला तिचाच वास लागतो, आणि ठेवून दिली. तासाभरात सगळ्या माद्या पिल्लांना पोटाशी घेऊन बसल्या. (काळ्यांना दूध नव्हतं, तेवढं काका ड्रॉपरने पाजत.) नवी पिल्लं सगळी गुलाबीच असतात. बोटाच्या पेराएवढी, डोळे मिटलेली. कोण कुणाचं, हे तेव्हा देवालाही खात्रीने सांगता येणार नाही, क्रमवारी समितीला तर नाहीच.

चौथ्या दिवशी मोजणी झाली. प्रत्येक पिंजऱ्यात सहा. तुकडा गळालेल्या नराला सहा, न गळालेल्याला सहा. सरासरी सहा, कमीत कमी सहा, जास्तीत जास्त सहा. विज्ञानाच्या इतिहासात इतके शिस्तीचे आकडे क्वचित मिळाले असतील. संचालकांनी ते स्वतः फळ्यावर लिहिले आणि खाली रेघ मारली.

धाकटी परत आली तोवर पिल्लांना लव फुटली होती. काळ्या आईबापांच्या पिंजऱ्यात सहा पिल्लं ओळीने निजलेली. सहाही पांढरी.

"काका," ती म्हणाली, "हे काय?"

"छान झालीत ना?" पिंजरेकाकांचा चेहरा फुलला. "मॅडम, घरटं करून बसली होती हो बिचारी. कापूस पिंजून पिंजून हा एवढा ढीग. आणि आत काही नाही."

"काका, मला तेच मोजायचं होतं."

"काय?"

"आत काही नाही, हेच."

"ते काय मोजायचं?" काकांना खरंच कळेना. "ते दिसतंच की!"

त्यांच्यावर चिडणं धाकटीला जमलं नाही. रात्रभर अंग खाजवणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला, घरटं करून बसलेल्या मादीपुढे पिल्लू का ठेवलंस, असं कुणाला विचारता येत नाही. ती तडक संचालकांकडे गेली.

"सर, ही पिल्लं त्यांची नाहीत."

"मग कुणाची आहेत?"

"पांढऱ्यांची."

"पांढऱ्यांची काही तक्रार आहे?"

"नाही."

"मग?" संचालकांनी फाईल मिटली, आणि मिटल्यावर समिती नेमली.

समितीत एक रसायनशास्त्रज्ञ होते, एक बागकामाचे प्रमुख होते आणि एक सदस्य केवळ समित्यांचेच तज्ज्ञ होते. त्यांनी पिंजऱ्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि पुढील निष्कर्ष एकमताने काढले. काळ्या जोडप्याला पांढरी पिल्लं होणं नैसर्गिक नसलं तरी नियमबाह्य नाही. पिल्लांच्या रंगावरून भेदभाव करणं संस्थेच्या धोरणात बसत नाही. तरीही शंका घ्यायचीच असेल तर ती मादीच्या वर्तनाविषयी घ्यावी लागेल. (पिंजऱ्याला कडी होती हे समितीने मान्य केलं आहे. पण त्यापुढे 'मनात आणलं तर काय अशक्य आहे' अशी नोंद केली आहे.) अशी शंका चौदा माद्यांविषयी घेण्यात आली. नरांविषयी सहानुभूती नोंदवण्यात आली. पिंजरेकाकांचं अभिनंदन झालं.

तात्पर्य, वाय गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने नराच्या जननक्षमतेवर काहीही परिणाम होत नाही, हे सिद्ध झालं. आता धाकटीची सही तेवढी राहिली होती.

या सहीची वाट पाहणारं आणखी एक माणूस होतं. धाकटीच्या प्रयोगाला पैशाची मदत देणारे डॉक्टर, म्हणजे त्याच वंध्यत्व केंद्राचे प्रमुख. त्यांची अडचण रास्त होती. नवऱ्यांना तपासणी सांगितली की नवरे रागावत आणि बायकांना घेऊन दुसऱ्या शहरात जात. त्यामुळे केंद्रात नवऱ्याची तपासणी विचारायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, फक्त त्याला शास्त्राचा आधार हवा होता. तो मिळाल्याचं ऐकून ते स्वतः संस्थेत आले. त्यांच्या हातात पत्रकाचा मसुदा होता. मथळा: 'पुरुषांनो, निश्चिंत राहा.'

"ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत," ते धाकटीला म्हणाले. "किती संसार वाचतील."

"उंदरांवरून माणसांचं असं सांगता येत नाही, डॉक्टर. आणि हे आकडेही खरे नाहीत."

"खरे म्हणजे? सारखे आहेत ना?"

संचालकांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघा, सही केलीत तर पदवी याच महिन्यात. पाच वर्षं घालवलीत तुम्ही. घरी लहान मूल आहे. शुक्रवारपर्यंत विचार करा." ते मनापासून बोलत होते. तिच्या मुलीचा इतका विचार त्यांनी आजवर कधीच केला नव्हता.

गुरुवारी रात्री सगळे जेवायला बसले होते. थोरली वाढत होती. शस्त्रक्रिया सोमवारवर आली होती आणि सासूबाई तिला काय काय बरोबर न्यायचं ते सांगत होत्या.

"दादा, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "तुमच्या कामातलं आहे."

"विचार की."

"दोन गाड्यांचा मामला आहे. एकच गाडी उघडून पाहिली. दोनदा. काही सापडलं नाही."

"मग दुसरी उघडायची."

"दुसरी उघडायची नाही म्हणतात. बाहेरून चकचकीत आहे, रोज सकाळी पळते. पहिलीच तिसऱ्यांदा उघडणार आहेत."

दादा हसले, त्यांना ठसका लागला. "कोण बिनडोक पाहणी करतोय ही? अगं, असल्या अहवालावर मी सही केली ना, तर परवाना जाईल माझा."

"म्हणजे सही करायची नाही?"

"मुळीच नाही! आणि दुसऱ्या गाडीचा मालक कुठे आहे? तो काय म्हणतो?"

मग थोरलीने दादांच्या ताटात वाढता वाढता, अगदी सहज, म्हटलं,

"मालक जेवतोय."

दादांचा घास हातातच राहिला. धाकटीच्या लेकीने विचारलं, "आई, काकांकडे दोन गाड्या आहेत?" धाकटीच्या नवऱ्याला एकाएकी पाणी आणायची आठवण झाली. सासूबाईंना गाड्यांतलं काही कळत नसे, पण हे कळलं. त्या ताठ बसून म्हणाल्या, "आमच्याकडून निघाली तेव्हा गाडीत काही खोट नव्हती."

"कुणी बघितलं होतं, आई?" थोरलीने विचारलं. आवाज चढला नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदाच तिने सगळ्यांचं वाढून व्हायच्या आत स्वतःचं ताट घेतलं आणि जेवायला बसली.

शुक्रवारी धाकटीने सही केली नाही. संस्थेने सूड वगैरे काही घेतला नाही. उलट तिला प्रयोग पुन्हा करायला वर्षभराची मुदत आनंदाने वाढवून दिली, फक्त पिंजरे काढून घेतले. अहवालावर पिंजरेकाकांची सही घेण्यात आली. ती त्यांनी वळणदार अक्षरात केली, कारण कुठल्याही मोठ्या कागदावर त्यांची सही आजवर कुणी मागितली नव्हती. पत्रक छापून झालं. धाकटी त्या संध्याकाळी घरी आली, तर लेकीने दारातच विचारलं, "उंदीर कसे आहेत?" धाकटी म्हणाली, "मजेत आहेत," आणि तिला जरा जास्तच वेळ कडेवर घेऊन उभी राहिली.

शनिवारी पहाटे दादा पळायला गेले ते नेहमीच्या वाटेने गेले नाहीत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी नमुना दिला. अहवाल कुठे पाठवू, असं विचारल्यावर त्यांनी केंद्रातला फाईल क्रमांक दिला. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. केंद्रात फाईल बायकोच्या नावाने उघडते. नवऱ्याच्या नावाने फाईल उघडायची सोयच नाही. त्यामुळे दादांचा अहवाल आला आणि रीतसर थोरलीच्या फाईलला लागला.

सोमवारी केंद्राच्या बाहेरच्या खोलीत नेहमीसारखी गर्दी होती. बायका मांडीवर फाईल घेऊन बसलेल्या, नवरे मोबाइलमध्ये. भिंतीवर नवं पत्रक. काउंटरवरच्या मुलीने थोरलीला बोलावलं.

"मॅडम, शस्त्रक्रिया थांबवलीय. कारण सापडलं!" मुलीला खरंच आनंद झाला होता. "तुमचे शुक्रजंतू फार कमी आहेत."

"माझे?"

"तुमच्याच फाईलला आहे. कोटींत मोजायला हवे होते, हजारांतच आलेत. आणि वेडेवाकडे. डॉक्टरांनी तुम्हाला इंजेक्शनं लिहून दिलीत. रोज एक."

थोरलीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "बाई गं, माझ्यात आणखी काय काय कमी आहे, ते आजच एकदा बघून घ्या. सारखं सारखं रजा टाकून यायला नको."

मागे खुर्चीत दादा होते. त्यांच्यापुढे मोबाइल होता, पण तो बंद होता. सज्जन माणसाला उठून उभं राहायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

"अहो," ते म्हणाले, "ते माझे आहेत."

"काय तुमचे?"

"ते... कमी आलेले."

"मोठ्याने बोला, काका. पंख्यात ऐकू येत नाही."

"शुक्रजंतू!" दादा ओरडले. "कमी! वेडेवाकडे! माझे! तिच्यात काही नाही. तिच्यात पहिल्यापासूनच काही नव्हतं!"

मग कोपऱ्यातल्या एका बाईने आपली फाईल मांडीवरून उचलली आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती परत द्यायला हात उचलला. तिने हात मागे घेतले. पलीकडच्या दुसरीने ते पाहिलं.

आता दादांवर उपचार चालू आहेत. मूल होईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. नवऱ्यांवर उपचार करण्याचा केंद्राला सराव नाही. पहिल्या इंजेक्शनाला दादांना घेरी आली, तेव्हा थोरलीने त्यांचं डोकं खांद्यावर धरलं आणि म्हणाली, "होतं हो पहिल्यांदा." तिचे दंड आता स्वच्छ आहेत. धाकटी पिंजऱ्यांशिवाय प्रयोग कसा करायचा, याचा अर्ज लिहिते आहे.

वाचकहो, तुम्हाला त्या संस्थेचं, त्या समितीचं आणि त्या काउंटरवरच्या मुलीचं हसू आलं असेल. येऊ द्या. तुम्ही शिकलेली, समंजस माणसं आहात. तुमच्याही ओळखीत एक जोडपं आहे, लग्नाला बरीच वर्षं झालेलं, आणि अगदी चांगल्या मनाने तुम्ही त्यांना मागे एकदा एका डॉक्टरांचा नंबर पाठवला होता. मोबाइल हाताशीच असेल. तो नंबर दोघांपैकी कुणाला पाठवलात, तेवढं बघा.